कुंडीखालची खुर्ची

मी एक जुनी, बिनहाताची, एका पायाने किंचित लंगडी खुर्ची आहे. मित्रांनो, हसू नका. चाळीस वर्षे मी शिवणकामाच्या दुकानात काढली आहेत. मास्तर मशीन चालवत आणि गिऱ्हाइकांना सांगत, "या खुर्चीमुळे माझी कंबर शाबूत आहे." ते ऐकून मला मूठभर मांस चढे.

पुढे दुकान बंद झाले, मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, अंथरूण धरले आणि घरची सगळी कामे मास्तरांच्या अंगावर पडली. स्वयंपाक, धुणे, काकूंना कुशीवर वळवणे. आधी मी ओट्यापाशी गेले, मग कपडे वाळत घालायच्या खिडकीपाशी. शेवटी मास्तरांनी मला तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे, जिन्याच्या वळणावर आणले. भाजी, औषधे घेऊन येताना ते माझ्यावर टेकत. धाप ओसरली की शीळ घालत वर जात, म्हणजे काकूंना वाटावे, स्वारी मजेत आहे.

लेक दर रविवारी येते. तिने विचारले, "बाबा, ही खुर्ची इथे कशाला?"

"कुंडी ठेवायला. इथे उजेड चांगला येतो."

मापात कधी न चुकलेला माणूस इथे चुकला. पुढच्या रविवारी लेकीने हौसेने भलीमोठी कुंडी आणून माझ्यावर ठेवली. मास्तर काय बोलणार? ते कठडा धरून उभे राहू लागले. वर त्या कुंडीला पाणी घालायचे एक काम वाढले. मला फार वाईट वाटे.

एका रविवारी लेक आली तेव्हा मास्तर माझ्या शेजारी पायरीवरच बसले होते. हातात औषधाची बाटली, चेहरा पांढराफटक. वरून काकू विचारत होत्या, "आलात का हो?" उत्तर द्यायलाही त्यांच्याकडे श्वास नव्हता.

लेकीने कुंडी उचलून खाली ठेवली. "बाबा, इथे बसा."

"अगं, पण कुंडी..."

"कुंडी दमत नाही, बाबा."

तेव्हापासून रविवारचे सामान तीच वर आणते. बाकीचे सहा दिवस तसेच आहेत.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "दमलात का?" असे नुसते विचारू नका, ती नाहीच म्हणतील. त्यांची खुर्ची कुठवर आली आहे ते बघा. काल मास्तरांनी मला आणखी एक मजला खाली आणून ठेवले. लेक रविवारी येईल. आज बुधवार आहे.