तरंगतं जाकीट

"आता पाठीवर पड," डेल्मर म्हणाला. "आणि बुडायचा प्रयत्न कर. अगदी मनापासून कर."

ओरिन क्विस्टाड गुरांना पाणी पाजायच्या पत्र्याच्या टाकीत उभा होता. ही टाकी डेल्मरच्या दुकानात, गळांची मांडणी आणि गोठवलेले पिझ्झे यांच्या मधोमध ठेवलेली होती. ओरिनच्या अंगात भडक नारिंगी जाकीट होतं, खाली तसलीच विजार. समोर खुर्चीवर त्याची बायको व्हर्ना मांडीवर पर्स घेऊन बसली होती. चेहऱ्यावर बाप्तिस्म्याला आल्याचे भाव.

ओरिन पाठीवर पडला. बुडाला नाही. त्याने पाय खाली ओढून पाहिले, श्वास सोडून पाहिला. पाणी नुसतंच डुचमळलं आणि तो सूपमधल्या कणकेच्या गोळ्यासारखा पुन्हा वर आला. कान पाण्याखाली गेले, पण त्याला फारसा फरक जाणवला नाही. दुखणं नेमकं तेच होतं.

नोरहेम गावच्या शाळेचा बॉयलर ओरिनने उभा जन्म सांभाळला होता. त्या बॉयलरने शेकडो पोरांना ऊब दिली आणि बदल्यात ओरिनचे कान घेतले. शाळेत त्याचं काही बिघडलं नाही. तिथे ऐकण्यासारखं फारसं कोणी बोलतही नव्हतं. पण दर हिवाळ्यात तळं गोठलं की गावाला ओरिन लागायचा. एका शनिवारी दुपारी सगळं गाव काठावर पिकअप लावून कॉफी पीत उभं राहायचं आणि ओरिन लोखंडी पहार घेऊन एकटा बर्फावर जायचा. पहार मारायचा, थांबायचा, खालचा आवाज ऐकून बर्फाची जाडी ओळखायचा. पुन्हा मारायचा. मध्यावर पोचून त्याने बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसला, की गाव बर्फाला भोकं पाडून मासे धरायला आपापल्या लाकडी खोप्या ओढत तळ्यावर उतरायचं. 'बर्फ किती जाड आहे रे?' असं कोणी विचारत नसे. तो अपमान झाला असता. आभारही कोणी मानत नसे.

गेल्या वसंतात बर्फ फुटून त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला होता. "घसरलो," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. बर्फ तडकल्याचा आवाज काठावरच्या व्हर्नाला ऐकू आला होता. त्याला आला नव्हता.

"तरंगला," डेल्मरने निकाल दिला. "जाकिटात फोम आहे. छातीवरच्या खिशात हे दोन टोचे. आत पडलास की बर्फात रोवायचे आणि सरपटत बाहेर यायचं. गुडघ्याला गादी आहे. पायाशी जाळी, पाणी आपोआप गळून जातं. आणि ही शिट्टी."

"शिट्टी कशाला?" ओरिनने विचारलं.

"लोकांना बोलवायला."

"लोक काठावरून बघतच असतात की."

"मग त्यांची करमणूक म्हणून वाजव."

"काळं नाही का?" ओरिन टाकीतून बाहेर येत म्हणाला. काळं जाकीट कोणत्याही साध्या जाकिटासारखं दिसलं असतं.

"काळं आहे. पण तुझ्या पोटाच्या मापाचं नाही. त्यात काळ्या पाण्यात काळं जाकीट शोधायचं म्हणजे…"

"नारिंगीच द्या," व्हर्ना म्हणाली. मग ओरिनला ऐकू जाईल अशा बेताने, "हे घातलंस तर तळं. नाही घातलंस तर आजपासून माझ्या बहिणीबरोबर रोज पत्ते."

व्हर्नाची बहीण पत्त्यात लबाडी करायची आणि हरली की रडायची. ओरिनने पैसे दिले.

त्याने मनात बेत आखला होता. पक्क्या बर्फाची ग्वाही द्यायला तरंगतं जाकीट घालून जायचं, म्हणजे पाहुण्यांना जेवण वाढताना शेजारी ॲम्ब्युलन्स उभी करण्यासारखं. तेव्हा काठापर्यंत हे घालून जायचं, पिकअपमागे गुपचूप उतरवायचं आणि नेहमीचा लोकरी कोट चढवायचा. व्हर्ना भांडेल, पण सगळ्या गावासमोर भांडणार नाही. ती लूथरन पंथाची होती, आणि त्या चर्चमध्ये चारचौघांत कोणी आवाज चढवत नसे.

दुकानातून दोघं थेट तळ्याकडे निघाले. पिकअपचा हीटर दोन हिवाळ्यांपूर्वीच वारला होता. काठावर पोचल्यावर ओरिन मागच्या बाजूला गेला, हनुवटीखाली हात घातला आणि चेन ओढली. हलली नाही. टाकीतल्या पाण्याने भिजलेली चेन वाटेतल्या थंडीत दगड झाली होती. तिच्यावर त्याने तोंडाची वाफ सोडली, वाफही गोठली. डोक्यावरून काढावं म्हणून हात वर केले, तर बाह्या कडक होऊन वरच राहिल्या.

त्याच अवस्थेत तो रोलीला सापडला. रोली गावचा नळ दुरुस्त करणारा, आणि गप्प बसणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"कोणाला शरण जातोयस, ओरिन?"

ओरिनने एकेक करून हात खाली आणले. पण तोवर रोलीची नजर नारिंगी रंगावरून शिट्टीवर, शिट्टीवरून टोच्यांवर गेली होती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. तो मागे वळला, लोकांशी हळूच काहीतरी बोलला. काय बोलला ते ओरिनला ऐकू आलं नाही, पण कॉफीचे पेले तोंडाशी जाता जाता थांबले, ते दिसलं.

"चेन अडकली आहे," ओरिनने सगळ्यांना सांगितलं. खरं होतं. ऐकायला मात्र अगदी खोटं वाटत होतं.

आता परत जाणं म्हणजे बर्फ कच्चा आहे असं सांगणं, आणि पुढे जाणं म्हणजेही तेच सांगणं. त्याने पहार, गिरमिट, बादली आणि गळाची दोरी घेतली आणि बर्फावर पाय ठेवला.

पहार मारली. थांबला. पूर्वी या क्षणी खालून एक खोल आवाज यायचा. आता फक्त पहारेची झिणझिण मनगटात यायची. त्यावरून तो अंदाज बांधत चालला. जाकीट पावलागणिक करकरत असावं. ते काही त्याला ऐकू येत नव्हतं. मध्यावर पोचून त्याने गिरमिटाने भोक पाडलं, बाही कोपरापर्यंत आत घालून जाडी पाहिली. भरपूर होती. त्याने बादली उपडी घातली आणि बसला.

कोणी उतरलं नाही.

त्याने हात केला. काठावरून रोलीनेही हात केला, निरोप द्यावा तसा. मग एक पिकअप मागे वळला. कोणीतरी पेल्यात राहिलेली कॉफी बर्फात ओतली. एवढ्यात व्हर्ना गर्दीतून पुढे आली आणि चर्चला घालायचे बूट तिने बर्फावर टेकवले. अंगावर ओरिनचा लोकरी कोट होता. त्यात तरंगण्यासारखं काहीही नव्हतं.

"परत जा," ओरिन ओरडला.

ती थांबली. दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली, "बर्फ पक्का आहे ना?"

हा प्रश्न गावाने त्याला कधीच विचारला नव्हता. ओरिनने भोकाकडे पाहिलं, ओल्या बाहीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, पुन्हा एकदा मोजावं. त्याने खरंच पुन्हा हात आत घातला.

"आहे," तो ओरडला.

ती चालू लागली. ती पोचेपर्यंत ओरिनने तिच्या बुटांवरून नजर काढली नाही. तिने पर्स बर्फावर ठेवली आणि त्याला बादलीवर जरा सरकायला लावलं.

"ते येतील आता," तो म्हणाला.

"नाही येणार."

काठ रिकामा होत होता. शेवटी एकटा डेल्मर उरला. तो अगदी कडेला उभा राहून हातातली पक्कड वर करून दाखवत होता.

"चेनीसाठी आणली असेल," व्हर्ना म्हणाली.

"मग इकडे आण म्हणावं."

तिने खूण केली. डेल्मरने बर्फाकडे पाहिलं, नारिंगी जाकिटाकडे पाहिलं, आणि पक्कड हलवत जागच्या जागीच उभा राहिला.

उन्हं उतरली, थंडी वाढली. व्हर्नाने एकाएकी मान तिरकी केली.

"बर्फ वाजला?" ओरिनने विचारलं.

"वाजला."

"कसा?"

ती विचारात पडली. "चर्चच्या तळघरात कोणीतरी मोठं टेबल ओढत नेतंय. लांबवर."

"टेबल रिकामं, की भरलेलं?"

"भरलेलं."

ओरिनने मान हलवली. "म्हणजे जाड होतोय," तो म्हणाला, आणि भोकात गळ सोडला. बाही आता कोपरात वाकत नव्हती, म्हणून गळाची दोरी तिने धरली.