दोन भाषांत दिलेला शब्द

"तुम्हीच बोललात ना, चाचा? तुमच्याच तोंडानं?" फोनमधला माणूस विचारत होता. तो स्वतःला वीरधवल सर म्हणवून घ्यायचा.

बशीर गादीवाला एका हाताने कापूस तोलत होता. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

"बोललो की. पर ते मयतीला बोललो."

"मग मयतीला बोललेलं खोटं असतं का?"

दुसरा कोणी असता तर त्याने इथेच फोन ठेवला असता. बशीरने मात्र थोडा विचार केला आणि म्हणाला, "न्हाई. खोटं कसं असंल?"

पलीकडे तेही रेकॉर्ड झालं. गिऱ्हाईक म्हणालं, उद्या येतो. ते परत आलं नाही.

कडेगावच्या बाजारपेठेत बशीरचं गाद्यांचं दुकान होतं. धंदा होता असं म्हणवत नाही. नवी गादी करायला आलेल्या माणसाला 'जुना कापूस पिंजून देतो, चांगला हाय अजून' असं सांगणारा दुकानदार नफ्यात यायचा कसा? त्याची बायको जन्नतबी म्हणायची, यांच्या हिशेबात नावेची बाजू अल्लाने मोठी केली आणि जमेची बाजू लिहायची विसरला.

त्यातच चुलतभाऊ यासीन गेला. टेम्पो चालवायचा, काविळीने गेला. मागे बायको रुक्सार आणि दोन लहान मुली. मुसलमानांत जनाज्याची नमाज होण्याआधी मयताच्या वारसाने उभं राहून सांगायचं असतं, की याच्याकडे कुणाचं काही देणं असेल तर आता ते माझ्याकडे मागा. देणेकरी म्हणून कबरीत जाऊ नये, एवढाच त्यातला हेतू. यासीनला ना मुलगा, ना सख्खा भाऊ. मौलानांनी वळून रांगांकडे पाहिलं, तेव्हा अख्ख्या जमातीला एकाएकी स्वतःच्या पायांची बोटं बघण्यासारखी वाटू लागली. त्यातही तालेवार माणसांना जास्तच.

बशीर उभा राहिला. हिंदीत बोलला. तेवढ्यावर भागलं असतं. पण भिंतीकडेला यासीनचे हिंदू दोस्त डोक्याला रुमाल बांधून उभे होते. त्यांना कळलं नसेल म्हणून त्याने पुन्हा मराठीत सांगितलं, "यासीनकडं कुणाचं काय निघत असंल तर माझ्याकडं मागावं. त्येला मोकळं करावं."

मागणारे आले. कोणी माफ केलं, कोणी घेतलं. बशीर थोडं थोडं करून फेडत राहिला. जन्नतबीने दोन दिवस भांडी आपटली आणि मग स्वतःच डब्यातले पैसे काढून दिले.

यासीनने आजारपणात मोबाइलवरून कर्ज काढलं होतं, हे मात्र रुक्सारलाही माहीत नव्हतं. घेताना त्याने बशीरचा नंबर देऊन ठेवला होता, कुठे सही नाही की साक्ष नाही. वसुलीसाठी वीरधवल सरांचा पहिला फोन आला तेव्हा बशीरला वाटलं, इतरांसारखाच हाही एक मागणारा. तो म्हणाला, "व्हय बाबा, यासीनचं आता माझ्याकडं." एक हप्ता भरलाही. पुढच्या फोनवर रक्कम आधीपेक्षा मोठी निघाली. भरलं की वाढणारं देणं बशीरने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याच्या ओळखीचे सावकारसुद्धा इतके हुशार नव्हते.

तो भरेना, तशा शिव्या सुरू झाल्या. मग गिऱ्हाइकांना फोन जाऊ लागले. मग बशीरच्या मुलीचा, नूरीनचा फोटो मोबाइलवर फिरला. खाली लिहिलं होतं, बाप लोकांचे पैसे बुडवतो, मुलगी मिरजेत मजा मारते.

नूरीन मिरजेला नर्सिंग शिकत होती. शनिवारी घरी आली ती पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं होतं. हॉस्पिटलच्या ऑफिसात रोज फोन येतात. पुन्हा आले तर घरी बसावं लागेल.

बशीर पोलीस ठाण्यात गेला. तिथला साहेब भला होता. खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"चाचा, कायद्यानं तुम्ही एक पैसाही देणं लागत नाही. अर्जात लिहा, मयताची कोणतीही जबाबदारी मी घेतलेली नाही."

"पर घेतलीय की, सायेब."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "कोणापुढं?"

"समद्यांपुढं. दोनदा."

मौलानांनी समजावलं की व्याज हे देणंच नव्हे, ते तुमच्या शब्दात येत नाही. बशीर म्हणाला, "मी 'व्याज सोडून' असं म्हनलोच न्हवतो." रुक्सार येऊन रडली, भाईजान, मीच तुम्हाला सोडवते, टाका सगळं माझ्यावर. तिच्या कडेवरची मुलगी गादीच्या कापसाशी खेळत होती. तिच्याकडे बघून बशीरने मान फिरवली.

शेवटी नूरीनच बोलली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बशीरला बरं वाटलं असतं.

"अब्बा, मेलेल्यासाठी दिलेला शब्द पाळताय. माझं काय?"

शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर बशीर उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, यासीनसाठी दिलेला शब्द मी परत घेतो. दोघांनी पाठीवर हात ठेवला, त्यात पायांची बोटं बघणारेही होते. मग तो मशिदीबाहेर आला आणि समोरच्या दुकानांच्या ओळीपुढे उभं राहून तेच मराठीत बोलला. दिला तेव्हा दोन भाषांत दिला होता; एकाच भाषेत परत घेणं त्याला लबाडीचं वाटलं.

मग ठाण्यात जाऊन अर्जावर सही केली. संध्याकाळी फोन वाजला. वीरधवल सरांना कोणी काय परत घेतलं याच्याशी घेणं नव्हतं. "बरं, ते असू दे. हप्ता कधी टाकताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्चरवाला कृष्णात दुकानात आला. काळ्या हातांचे डाग पडू नयेत म्हणून त्याने पैसे वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून आणले होते.

"चाचा, ह्ये तुमचं. यासीनच्या टायरचं तुमी दिल्यालं."

"ते फिटलं न्हवं, कृष्णात?"

"फिटलं व्हतं. पर काल तुमी मोकळं झाला. मग मी कशाच्या नावानं ठिवू?"

"ऱ्हाऊ दे रं."

"आवं न्हाई, तुमच्यावर अन्याव व्हतो." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. बशीरने तो शोधून पाहिला. "यासीनचं माझं मी बघंन वर गेल्यावर."

बशीरने हात पुढे केला नाही. कृष्णातने ती पुडी समोरच्या गादीवर ठेवली, लय ताप झाला बघा तुमाला, असं म्हणाला आणि गेला.

गादीची एक बाजू टाचून झाली होती. आता ती उलटायची होती. उलटली तर पैसे खाली पडणार, आणि पडले तर उचलावे लागणार. जन्नतबीने आतून जेवायला हाक मारली. बशीर दाभण हातात धरून तसाच बसून राहिला.