सारजाबाईची दुसरी साक्ष

परभणी जिल्ह्यातल्या झरीच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की शंभर-सव्वाशे घरांची एक वस्ती लागते. तिथल्या आसारामच्या घरात त्या शुक्रवारी सकाळी रोजच्यासारखीच घाई होती. कापूस फुटला होता. वेचणीला जायचं म्हणून आसारामची बायको सारजाबाई लवकर उठून भाकरी थापत होती. त्यांची सतरा वर्षांची लेक राणी चुलीपासून चार हात लांब, भिंतीला टेकून लसूण सोलत होती. एकाच हातानं. दुसऱ्या हाताला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली होती.

शेजारची मनकर्णा ताक मागायला रिकामा तांब्या घेऊन आली.

"काय गं राणे, अजून हात बरा व्हईना का?"

"भाकर भाजताना चटका बसला, मावशी."

"चटका बोटाला बसतो बाई. तुझा तर कोपरापस्तोर गेलाय. चुलीत वांगं हुडकाय गेली व्हतीस का?" मनकर्णा स्वतःच हसली.

सारजाबाई हसली नाही. तिनं तांब्या भरून दिला आणि परातीत पुन्हा पीठ ओढलं. हात भाजला होता हे खरं होतं. पण चार दिवसांपूर्वी राणी भाकरी भाजता भाजता ताठ झाली, डोळे पांढरे करून चुलीवरच पडली आणि सारजाबाई गोठ्यातून धावत येईपर्यंत तिचा हात निखाऱ्यात होता, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यातही नेलं नव्हतं. हळद आणि खोबरेल तेल लावलं होतं.

आसाराम अंघोळ करून, केस विंचरून आला.

"आज प्रार्थनेत साक्षीचा शुक्रवार हाय. वेचणी दुपारपस्तोरच करा. वालूरकडून लोकं यायलेत. पास्टर म्हनले, राणीची साक्ष पुन्हा एकदा व्हावी."

"आवं, पर तिला सोमवारीच..."

"हळू बोल." आसारामनं दाराकडं पाहिलं. मनकर्णा गेलेली होती. "त्यो सैतानाचा शेवटचा हल्ला व्हता. पास्टर सांगत न्हाईत का? निगून जाताना त्यो दार आपटून जातो म्हणून."

"तिसऱ्यांदा आपटलं दार," सारजाबाई म्हणाली.

राणीला पहिला झटका आला तेव्हा ती बारा वर्षांची होती. गावानं सांगितलं, बाहेरचं आहे. देवऋषी झाला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, केस ओढून "कोण हाईस, बोल" म्हणून विचारलं. पोरगी खोकून खोकून बेशुद्ध पडली. शेवटी गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईनं हात धरून परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ही मिरगी आहे, मेंदूचा आजार आहे, गोळी सकाळ-संध्याकाळ चुकवायची नाही आणि स्वतःच्या मनानं बंद तर कधीच करायची नाही. गोळी सुरू झाली. अडीच वर्षं एकही झटका आला नाही. राणी दहावी पास झाली, झरीच्या कॉलेजात जाऊ लागली.

मग एक स्थळ आलं आणि परत गेलं. "रोज गोळी खानारी पोरगी आमाला नको," असं मुलाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवताना सांगितलं. सारजाबाईच्या मनात तेव्हापासून काटा रुतला. गोळी बंद झाली पाहिजे.

त्याच वर्षी आसाराम प्रार्थनेला जाऊ लागला. तो आधी फार प्यायचा. बायकोला मारायचा. पास्टर दत्ता पूर्वी ट्रकवर होता, स्वतःही तसलाच पिणारा होता. त्यानं आसारामला जवळ बसवलं, रडू दिलं, दर संध्याकाळी घरी येऊन त्याच्याबरोबर प्रार्थना केली. दारू सुटली. हे खोटं नाही, साऱ्या वस्तीनं पाहिलं. सारजाबाईच्या अंगावरचे वळ गेले. प्रार्थना व्हायची त्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा तिला कुणी "ताई, बसा" म्हणालं. म्हणून पास्टर बोलला की तिला ते नाकारता येत नसे.

पास्टर लबाड नव्हता. त्यानं तिच्याकडं कधी काही मागितलं नाही. त्याची श्रद्धाच तशी होती. आजारपण म्हणजे दुष्टात्म्याचं बंधन, आणि बंधन तोडायचं तर युद्ध करावं लागतं. आखाडात त्यानं राणीसाठी तीन दिवसांचा उपास सांगितला. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये तिच्या कपाळाला तेल लावलं, चौघांनी डोक्यावर हात ठेवले, आणि तो ओरडून विचारू लागला, "तुझं नाव काय? कुठून आलास? नाव सांग!" उपाशी पोरगी दोन तास उभी होती. शेवटी सुटका व्हावी म्हणून तिनं विहिरीत पडून मेलेल्या चुलतीचं नाव घेतलं आणि खाली कोसळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"गोळ्या बंद करा असं मी सांगणार नाही," पास्टर हळू आवाजात म्हणाला होता. "तुम्हीच विचार करा. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्यावर पूर्ण टाकायचा, की अर्धा त्याच्यावर आणि अर्धा गोळीवर?"

त्या शेडची एक रीत होती. ज्याची सुटका झाली त्यानं आपली औषधं पुढच्या टेबलावर आणून ठेवायची आणि माईकवर साक्ष द्यायची. सारजाबाईनं राणीच्या गोळ्यांची पाकिटं ठेवली. "माझी लेक मोकळी झाली," असं ती रडत रडत बोलली. कुणीतरी मोबाईलवर ते सगळं घेतलं. ते जिंतुरात गेलं, सेलूत गेलं, वालुरात गेलं.

सात आठवड्यांनी, पोळ्याच्या दिवशी, झटका परत आला.

आता काय करायचं? साक्ष देऊन झाली होती. गोळी परत सुरू करायची तर देवासमोर खोटं बोललो असं होणार. साक्ष मोडली की सैतान सातपट होऊन येतो, असं शेडमध्ये सांगत. म्हणून घरानं झटके लपवले. पोळ्याचा लपवला, नळावरचा लपवला, चुलीतला लपवला.

राणीनं एकदाच विचारलं होतं. "माय, सैतान गेला व्हता ना? मग मीच त्याला परत बोलिवलं का? माझ्यातच काही घाण हाय का?"

सारजाबाईनं तिला "गप बस" म्हटलं होतं.

दुपारी मायलेकी शेडवर पोहोचल्या. सतरंज्या अंथरल्या होत्या, स्पीकर खरखरत होता. दारापाशी वृद्ध सुलाबाई बसली होती. तिचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. तिनं तीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. तिनं राणीला जवळ ओढलं, चिंधी सोडून हात पाहिला आणि सारजाबाईकडं पाहिलं.

"हे चटक्याचं न्हाई, सारजा. पोरगी पडलीय चुलीत."

सारजाबाई पुढं सरकली. तेवढ्यात एका तरुण बाईनं तिला गाठलं. काखेत बॅग, हाताशी आठेक वर्षांची पोर. तिच्यामागं सासू.

"तुमीच ना मोबाईलातल्या ताई? मी राजेश्री, वालूरची. मारुतीच्या पाराजवळ ऱ्हातो आमी. या आमच्या सासूबाई, कस्तुराबाई. ही माझी प्रियांका." तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "हिला बी तसंच व्हतं. तुमची साक्ष मी कितीदा ऐकली, बगा. सोमवारपासून हिच्या गोळ्या बंद केल्या. आज टेबलावर ठेवायला आणल्यात." तिनं बॅगेवर थोपटलं. मग आवाज खाली आणला. "ताई, मला भ्या वाटायलंय. एक सांगा. खरंच परत आलं न्हाई ना?"

सोमवार. राणी चुलीत पडली तो सोमवार.

सारजाबाईनं त्या बॅगेकडं पाहिलं. प्रियांका राणीच्या चिंधीकडं पाहत होती. "दीदी, दुखतं का?" तिनं विचारलं.

"लय न्हाई," राणी म्हणाली.

गाणी सुरू झाली आणि बोलणं राहून गेलं. मग पास्टरनं माईक हातात घेतला. "वालूरहून आलेल्या कुटुंबासाठी आपण सारजाताईंची साक्ष पुन्हा ऐकू या. ताई, या."

आसाराम पुरुषांच्या बाजूला बसला होता. त्यानं मान हलवून खूण केली. सारजाबाई उठली. तिनं माईक हातात घेतला.

"माझी लेक मोकळी झाली, असं मी हितं बोलले व्हते," ती म्हणाली.

"हालेलुया!" लोक म्हणाले.

"ते खरं न्हाई. गोळ्या बंद केल्या आन् झटके परत आले. पोळ्याला आला. नळावर आला. सोमवारी आला तवा माझी लेक चुलीत पडली. हे मी तुमच्यापासून लपिवलं. राजेश्रीताई, तुमी त्या गोळ्या टेबलावर ठेवू नका. आजच पोरीला दवाखान्यात न्या."

मग आसाराम उठून उभा राहिला. त्याचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता.

"सारजे, काय बोलायलीस? तुझी साक्ष खोटी, तर माझी कशी खरी ऱ्हाईल? माझी दारू बी खोटीच सुटली का मग?"

"तुमची दारू तुमी सोडली. त्याच्यासाठी मी रोज देवाचे उपकार मानते. पर लेकीला गोळी लागते."

पास्टर जवळ आला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, दया होती. तीच जास्त भयंकर होती. "घाबरू नका, मंडळी," तो लोकांना म्हणाला. "ही ताई बोलत नाही. हिच्या तोंडून शंकेचा आत्मा बोलतोय. हात वर करा, प्रार्थना करा."

या समजुतीची खरी मेख इथं आहे. जो दुखणं सांगतो त्याला भूत लागलेलं असतं, आणि जो "हे भूत नाही" म्हणतो त्यालाही भूतच लागलेलं असतं. मग माणसानं बोलायचं कुठल्या तोंडानं?

चार बायका पुढं आल्या. काल तिच्याच बांधावर बसून जेवलेल्या. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. स्पीकर मोठा झाला. पास्टरनं तेलाचं बोट तिच्या कपाळाकडं नेलं आणि गरजला, "तुझं नाव काय? सांग, नाव सांग!"

सारजाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"सारजा," ती म्हणाली. "आसारामची बायको. राणीची माय. दुसरं कुणी न्हाई माझ्यात. हात काढा."

"नाव सांग!"

"सांगितलं की! सारजा!"

बायकांचे हात सैल पडले. दारातून सुलाबाई काठी टेकत आली. "दत्ता, बास कर. तीस वर्षं मी वॉर्डात फिरले. गोळी देताना बी प्रार्थना करायचे, आन् प्रार्थना करताना बी गोळी चुकवली न्हाई. देवाला गोळीचा मत्सर असता, तर तो देव कशाला म्हनायचा?"

पास्टरनं गाणं सुरू करायची खूण केली, आणि टाळ्यांच्या आवाजात पुढचं बोलणं बुडालं. सारजाबाईनं मागं वळून पाहिलं तेव्हा कस्तुराबाई सुनेला आणि नातीला दंडाला धरून बाहेर नेत होती. "चल. त्या बाईची सावली नको पोरीवर. दुसऱ्या शुक्रवारी येऊ." राजेश्री मागं वळून वळून पाहत होती. बॅग तिनं छातीशी धरलेली होती. सारजाबाई गर्दीतून रस्त्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांची जीप निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी परभणीला गेल्या. डॉक्टरांनी हात धुऊन मलमपट्टी केली, गोळी पुन्हा सुरू केली. ते रागावले नाहीत. राणीनं त्यांना विचारलं, "डॉक्टर, माझ्यात काही घाण तर न्हाई ना?" डॉक्टर म्हणाले, "आत्ताच तपासलं, तुझ्या आईला बीपी आहे. ती घाण आहे का?" राणी कितीतरी दिवसांनी हसली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आखडली ती आखडलीच. पेन धरायला तिला आता डाव्या हाताला शिकवावं लागतं आहे.

आसाराम दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला होता, आत आला नाही. तो अजून पीत नाही. शुक्रवारी एकटाच शेडवर जातो. बायकोशी कामापुरतं बोलतो. वस्तीतल्या काही बायका सारजाबाई दिसली की पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जातात. मोबाईलातली तिची पहिली साक्ष तशीच फिरते आहे. ती काढून टाका म्हणून सारजाबाई शेडवर दोनदा सांगून आली. दुसरी साक्ष कुणी मोबाईलवर घेतलीच नव्हती.

त्या शुक्रवारानंतर नवव्या दिवशी तिनं वेचणीवरून सुट्टी घेतली, सेलूची गाडी धरली आणि विचारत विचारत वालुरात मारुतीच्या पाराजवळचं घर शोधून काढलं. दार कस्तुराबाईनं उघडलं. आतून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज येत होता. पोरीचा असावा.

"तुमी? आता काय राह्यलंय? तुमच्याच तोंडानं मोबाईलात सांगितलं व्हतं ना, गोळ्या टाका म्हणून?"

"सांगितलं व्हतं," सारजाबाई म्हणाली. "म्हणून तर आले."

दार तोंडावर लागलं. सारजाबाई ओट्यावर बसली. पिशवीतून तिनं राणीच्या पुन्हा सुरू झालेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून शेजारी ठेवलं आणि आतल्या बाजूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "राजेश्रीताई, मी हितंच बसलेय. शेवटची गाडी गेली तरी चालंल. पोरीला घेऊन बाहेर या, मी संगं दवाखान्यात येते."

आत पावलं वाजली. कडी काढल्याचा आवाज झाला.

वाचणाऱ्यांनो, अशा दारामागं एकच पोर नाही. मिरच्यांच्या धुरीत, दर्ग्यावरच्या साखळीत, पत्र्याच्या शेडमधल्या तेलात अशा किती लेकरांना आजही आपलं नाव विसरायला लावलं जात आहे. देव कुणाचाही असो, त्याला हात जोडावेत. पण आपल्या ओळखीच्या घरातून असं कण्हणं ऐकू आलं, तर त्या ओट्यावर जाऊन बसायला आपल्यातलं कोण उठणार आहे?