टिचबटणं काढून ठेवणारी पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. माकडाची, आणि तीही कापडाची, तेव्हा घाबरू नका. दिंडोरीजवळच्या एका शाळेत, विज्ञानाच्या कपाटात मी राहते.

ब्लाउज शिवणाऱ्या नवसाबाईंनी मला उरल्यासुरल्या अस्तरातून शिवलं, पोटात कापूस भरला आणि अंगभर टिचबटणं लावली. विज्ञानाच्या सुहाना मॅडमनी मला नाव दिलं, आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाची लढाऊ पेशी. सोबत एड्ससारखा आजार आणणाऱ्या विषाणूचे तांबडे गोळेही शिवून घेतले. त्यांचं बटण माझ्या बटणात बसलं की विषाणू आत शिरतो. पण माझी जात हुशार. आमच्यातल्या बऱ्याच पेशी मोठ्या होऊन कामाला लागल्या की ती बटणं काढून ठेवतात, आणि तरी रोगाशी लढायचं काम चोख करतात. म्हणून विषाणू अंगात असूनही ते माकड सहसा आजारी पडत नाही. माणसाच्या पेशींना ही युक्ती साधत नाही. म्हणून असाच विषाणू, एचआयव्ही, अंगात असला की माणसाला रोज गोळ्या घ्याव्या लागतात.

हा सारा खटाटोप सातवीतल्या निकितासाठी होता. तिची आई उज्वला अशाच गोळ्या घेते हे गावात कळलं आणि खिचडीच्या सुट्टीत तिच्या शेजारी कुणी बसेना. पोर शाळाच सोडायला निघाली होती.

मॅडमनी मला वर्गात आणलं, पण तिचं नाव घेतलं नाही. माझी बटणं काढली आणि तांबडा गोळा पुढे केला. कुणी हात लावेना. गोरक्षने तर हात पाठीमागे लपवले. कापडाच्या गोळ्याला भिणारी ती पोरं पाहून मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. शेवटी निकिताच उठली. तिनं गोळा माझ्यावर दाबून पाहिला.

"नाय चिकटत," ती म्हणाली.

"मंग माणसाला संगं जेवल्यानं चिकटतो का, मॅडम?" गोरक्षने विचारलं.

"नाही रे. एका ताटात जेवलं तरी नाही. आणि नेमानं गोळ्या घेतल्या की माणूसही धडधाकट राहतो."

त्या दिवशी सुट्टीत वर्गातली पायल आपलं ताट घेऊन निकिताकडे गेली. "सरक की जरा," एवढंच म्हणाली.

निकिता आता नववीत आहे. नवसाबाईंचे, मॅडमचे आणि सर्वांत जास्त पायलचे माझ्यावर उपकार आहेत, कारण त्यांच्यामुळे माझ्या जन्माचं चीज झालं.

मित्रांनो, मला कसर लागली तरी चालेल. पण वर्गात कुणी एकटं जेवत असेल, तर आपलं ताट उचला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.