खलनायकांच्या खोलीची कडी

मी एक जुनी कडी आहे. दाराची. सध्या दोन तुकड्यांत.

मित्रांनो, लगेच डोळ्यांत पाणी आणू नका. तुम्हाला सवय लागली आहे, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री बोलू लागली की रडते, झिजलेला बूट बोलू लागला की रडतो, आणि शेवटी सगळे गळा काढून म्हणतात, 'आमची काळजी घ्या हो!' मला तुमची काळजी नको. तेल नको, रंग नको, कीव तर मुळीच नको. मी फक्त घडलं ते सांगणार आहे आणि ज्यांना नावं ठेवायची त्यांना ठेवणार आहे.

माझा जन्म: पहिला

पहिल्या जन्मी मी कडी नव्हते. पुस्तकं बांधणाऱ्याच्या कारखान्यातला शिकंजा होतो. वरचं चाक फिरवलं की माझा लोखंडी पाट खाली यायचा आणि शिवलेली पुस्तकं दाबून सपाट करायचा. तेव्हा मी 'तो' होतो, आता 'ती' आहे. लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. बाइंडर येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "बैल आहे हा, बैल!" स्तुती करायची तीही दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन.

माझ्यासमोर बाइंडरची बायको आणि बहीण छापील कागदांच्या घड्या घालत बसत. हाती येईल तो कागद वाचत, त्यामुळे त्यांना कुठलंही पुस्तक शेंड्याकडून बुडख्याकडे कळायचं. अशीच एकदा एक जाडजूड कादंबरी आली.

"वन्सं, ऐका," बायको नणंदेला म्हणाली, "या पोरीनं मेजवानीत सात जणांना विष घातलं."

"आणि तिचा भाऊ?"

"त्यानं बाजार पेटवला. भरलेला."

"आणि तो सोन्या? त्याला घातलं का विष?"

"छे! नायक आहे तो. शेवटी दोघांना पकडून देतो आणि भाषण करतो."

"मग काय उपयोग त्या विषाचा!"

दोघी हसल्या. मग तिसरं प्रकरण हाती आलं आणि हसणं थांबलं. ते असं होतं. आईबाप नसलेली दोन भावंडं काकाच्या घरी राहतात. काका आरसे बनवतो. एका दुपारी काकाचा मुलगा सोन्या मोठा आरसा फोडतो आणि आळ या दोघांवर येतो. काका त्यांना पेंढ्याच्या खोलीत कोंडतो आणि सगळे निघून जातात. आत मिट्ट काळोख. धाकटा भिऊन काडी ओढतो, पेंढा पेटतो, थोरलीचा अर्धा चेहरा भाजतो. त्या दिवसापासून लोक दोघांना 'आगलावी' म्हणू लागतात आणि ती दोघं, म्हणतील तशी होत जातात. मध्येच एक वाक्य होतं: 'काकूने सर्व काही पाहिले होते, परंतु ती बोलली नाही.'

"का नाही बोलली?" बायको चिडली. "तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

"बोलली असती तर पुढची तीनशे पानं कशी निघाली असती?" नणंद म्हणाली आणि कागदावर अशी घडी मारली की जणू कुणाचा कान पिळला.

तो कादंबरीकारही एकदा येऊन गेला. दोन पोरांना भाजून, खलनायक करून, फासापर्यंत पोहोचवून आला होता. त्यानं विचारलं एवढंच, "पुस्तकाच्या कण्यावरचं नाव जरा मोठं होईल का?"

कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

पुढे विजेवरचं यंत्र आलं. बैलाला भंगारवाल्यानं नेलं. भट्टीत मी वितळलो. इथे फाटक्या छत्रीनं पानभर अश्रू ढाळले असते. मी पुढे जाते.

माझा जन्म: दुसरा

जाग आली तेव्हा मी एका जाड दारावर बाहेरच्या बाजूनं ठोकलेली होते. आडवी, सरकणारी, ओतीव लोखंडाची. समोर ओळीनं आरसे. आत पेंढा, कारण आरसे पाठवताना पेंढ्यात गुंडाळतात. पलीकडे एक गोरागोमटा मुलगा केसांची बट कपाळावर ओढत होता. एका आरशासमोर समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्यासमोर गेला. काकू म्हणाली, "सोन्या, जेवायला चल रे."

मी ओळखलं. मी जी कादंबरी दाबून सपाट केली होती, तिच्याच आत येऊन पडले होते. आणि तिसऱ्या प्रकरणातली कडी ती मीच.

मग ती दोघं दिसली. सात जणांना विष घालणारी ती हीच का? तिला साधं दूध तापवता येत नव्हतं. दर वेळी उतू घालवायची आणि काकूकडे बघत म्हणायची, "आत्ता तर खाली होतं!" बाजार पेटवणारा हा का? काडी पेटली की घाबरून हातातून फेकायचा. त्याच्या चपलेचा पट्टा सुटला की थोरली चालता चालता वाकून लावायची आणि वर एक टपली द्यायची. एवढाच काय तो त्यांचा कट.

काका मात्र लिहिला होता तसाच निघाला. दिवसभर काचेच्या पाठीला मुलामा चढवायचा आणि कुणाशीही बोलताना आरशातल्या स्वतःकडे बघून बोलायचा. थोरली काही विचारू लागली की आपल्या मिशीला उत्तर द्यायचा. सोन्याबद्दल कादंबरीकारानं अर्धं पान कुरळ्या केसांवर खर्ची घातलं होतं. तेवढंच लिहिण्यासारखं होतं म्हणून घातलं असावं.

मित्रांनो, कडीला हातपाय नसतात. लोखंड करू शकतं तेवढंच मी करू शकत होते. मी ठरवलं, गंजायचं. काकूला एक वाईट खोड होती. फरशी पुसली की ओलं फडकं ती माझ्यावर वाळत घालायची. दुसरी कडी असती तर कुरकुरली असती. मी ते पाणी पीत राहिले. अर्धी बाहेर सरकलेली असताना मी गंजून घट्ट बसले. आता दार लावायला गेलं की माझं टोक चौकटीवर आदळायचं आणि दार उघडंच राहायचं. मी स्वतःवर खूश होते. कोंडता येणार नाही, काळोख होणार नाही, काडी ओढली जाणार नाही. कादंबरी तिथेच आपटेल.

मूर्ख लोखंड!

'तिसरे प्रकरण. त्या अशुभ दुपारी नियतीने आपले जाळे टाकले.'

नियती कसली? सोन्यानं चेंडू टाकला. मोठा आरसा फुटला. काकू दारातच उभी होती, फडकं हातात घेऊन. तिनं पाहिलं. सोन्यानं तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे बोट दाखवलं.

"यांनी फोडला, बाबा."

"मी नाही!" धाकटा ओरडला.

"खोटं बोलतोस? ज्या ताटात खातोस त्याच ताटात..." काका एका शाबूत आरशात बघत गरजला.

"काका, आमच्याकडे बघून बोला ना," थोरली म्हणाली.

तिचं चुकलं. खरं बोलली.

काकानं दोघांना दंडाला धरून आत ढकललं आणि दार लोटलं. माझं टोक चौकटीवर आदळलं. त्यानं पुन्हा लोटलं. मी हटले नाही. मग त्यानं हातोडी आणली, खांदा दाराला लावला आणि माझ्या टोकावर घाव घातले. चौकटीचं लाकूड फाटलं आणि माझं टोक त्यात घुसून रुतलं. आता मी पुढे सरकेना की मागे. काकानं मला ओढून पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे. बक्षीस समारंभाला उशीर होतोय. आल्यावर बघू."

बक्षीस सोन्याला होतं. उत्तम वागणुकीचं. हे मी रचलेलं नाही, कादंबरीतच आहे.

काका, काकू आणि सोन्या गेले. आणि मला कळलं की मी काय केलं होतं. साधी कडी असते तर कुणीही येऊन सहज सरकवली असती. मी पोरांना वाचवायला निघाले आणि त्यांना पक्कं गाडून बसले. गंजाला आतबाहेर कळत नाही.

आतून आवाज आला. "ताई, माझ्या खिशात काडेपेटी आहे."

"असू दे."

"ओढू का एक?"

"कशाला? बघण्यासारखं आहे काय इथे? पेंढा आणि मी."

"अंधार आहे."

"कुठे अंधार? तिकडे बघ."

तिकडे म्हणजे माझ्याकडे. माझं टोक चौकटीत तिरकं घुसलं होतं, त्यामुळे दार पूर्ण बसलंच नव्हतं. बोटभर फट राहिली होती आणि फटीतून दुपारचं ऊन आत आलं होतं. कादंबरीत मिट्ट काळोख होता. इथे फट होती. मी केलेल्या एवढ्या मोठ्या कामगिरीतून निघालं ते हेच, बोटभर.

धाकटा फटीशी येऊन बसला. काडेपेटी त्यानं खिशातून काढली, पण उघडली नाही.

"सोन्याला बक्षिसात काय मिळेल गं?"

"आरसा."

दोघं खिदळली. मग धाकट्याचं हसता हसता रडणं सुरू झालं, आणि ऊनही सरकू लागलं. फट पिवळीची करडी होत चालली. मी तेवढंच बघत होते. काडेपेटी खुळखुळली.

पावलं वाजली. काकू परत आली होती, विसरलेली शाल न्यायला. पुस्तकातही ती येते, बंद दारावरून पुढे जाते आणि शाल घेऊन निघून जाते. बंद दाराकडे न बघणं सोपं असतं. पण आज फट होती आणि फटीत एक डोळा होता.

काकू थांबली.

"काकू," डोळा म्हणाला, "तुम्ही पाहिलंत ना?"

ती काही बोलली नाही. मी मनात म्हटलं, आली ती गुळणी. ती शालीकडे गेली. शाल उचलली. आणि मग ती शाल तिनं जमिनीवर टाकली, दाराशी आली आणि मला दोन्ही हातांनी ओढलं. मी हलले नाही. तिनं नखं मोडेपर्यंत ओढलं. शेवटी काकाची हातोडी उचलली आणि म्हणाली, "मागे सरका रे दोघंही. डोळे मिटा."

ओतीव लोखंड वाकत नाही, मित्रांनो, तुटतं. चार घावांत माझे दोन तुकडे झाले. दार उघडलं. काकूनं आधी धाकट्याच्या मुठीतली काडेपेटी काढून घेतली आणि मग त्याला जवळ घेतलं. हा क्रम बरोबर होता.

काका आणि सोन्या आले तेव्हा तिघं स्वयंपाकघरात बसली होती. दूध उतू गेल्याचा वास घरभर होता.

"कडी कुणी तोडली?" काका गरजला.

"मी," काकू म्हणाली. "आणि आरसा तुमच्या लाडक्यानं फोडला. मी तिथेच होते. तिकडे आरशात काय बघताय? इकडे माझ्याकडे बघा."

काकानं पाहिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा असावं, कारण तो दचकला.

तिथे कादंबरी मोडली. तिच्यात आता खलनायक उरले नाहीत, त्यामुळे नायकालाही काम उरलं नाही. उत्तम वागणुकीचा तो मुलगा सध्या पेंढा भरायला शिकतो आणि वाईट भरतो. आगलावी म्हणून कुणी कुणाला हाक मारली नाही. पुढची तीनशे पानं तशीच पडली. पडू देत. तेवढा कागद वाचला.

मी खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. माझी आठवण कुणी काढत नाही आणि काढू नये. शेवटी उपदेश करायची रीत आहे म्हणून करते. मित्रांनो, मोठी माणसं तुम्हाला सांगतील की अमुक मुलगा जन्मतःच वाईट. तेव्हा विचारा, त्याला कोंडलं कुणी आणि ते बघत कोण उभं होतं. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाला कोंडायला निघाल, तेव्हा फट ठेवा असं मी म्हणणार नाही. कोंडूच नका. एवढं साधं सांगायला एका कडीला मोडावं लागतं, यातच तुमची अक्कल कळली.

परवा काका त्या दारापाशी उभा राहून म्हणाला, "इथे नवी कडी बसवायला हवी."

काकू फरशी पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"बसवा," ती म्हणाली. "पण आतून."