झाकण उघडण्याआधी

"देग उघडत न्हाय," मी म्हणालो आणि झाकणापुढं आडवा उभा राहिलो.

डॉक्टरांच्या मुलाचं लग्न झालं होतं. आता अक्कलकोट रस्त्यावरच्या त्यांच्या शेतात मटण बिर्याणीची पंगत बसली होती, ताटंही मांडून झाली होती. दमाच्या देगेचं तोंड कणकेनं बंद करतात आणि ते फक्त बावर्चीनं उघडायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तिच्याच जोरावर मी हे काम घेतलं होतं. नाहीतर त्या माणसाच्या दारात मी थुंकायलाही गेलो नसतो.

त्यांच्या दवाखान्याचा मॅनेजर, अजिंक्य, धावत आला. "इसूफभाई, लोकं बसल्यात की."

"बसू द्या. आत अडचण निघाली. आणखी सव्वा लाख भरा, मग उघडतो."

"आवो, पैशाचं ठरलंय की सगळं."

"त्यो अंदाज हुता. लंडनला ह्याच बिर्याणीचं किती घेत्यात, ठावं हाय का? तुमाला लई स्वस्तात पडतंय."

त्याचा चेहरा उतरला. शब्द त्याचेच होते. दीड वर्षापूर्वी माझी बायको, बिस्मिल्ला, पित्ताच्या खड्यांसाठी ह्याच डॉक्टरांच्या टेबलावर बेशुद्ध होती, तेव्हा बाहेर येऊन त्यानं मला हेच ऐकवलं होतं. अडचण निघाली, सव्वा लाख भरा, लंडनला याचे वीस लाख होतात. आम्ही लंडनला कधी राहायला गेलो होतो? पण बायको आत असताना माणूस घासाघीस करतो का? माझ्या तिन्ही तांब्याच्या देगा मी विकल्या. तेव्हापासून भाड्याच्या देगेवर राबत होतो आणि ह्या दिवसाची वाट बघत होतो.

डॉक्टर आले. मी त्यांनाही सगळं ऐकवलं, सावकाश, चवीनं. त्यांनी गयावया करावी, पाहुण्यांसमोर घाम पुसावा, एवढंच मला हवं होतं.

त्यांनी मोबाइल काढला. "नंबर सांगा काका. पाहुणे खोळंबलेत."

पैसे आलेसुद्धा. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"बिस्मिल्ला," मी म्हणालो. "पित्ताचं आपरेशन केलं तुमी. देगा इकल्या मी त्यापायी."

त्यांनी आठवून पाहिलं. अगदी मनापासून पाहिलं, नाही आठवलं. "रोज इतके पेशंट येतात हो. बऱ्या आहेत ना आता?"

"बरी हाय."

"मग झालं तर," म्हणाले आणि पाहुण्यांत गेले.

मी कणीक फोडली. वाफेबरोबर करपट वास आला. बोलण्याच्या नादात देगेखालचे निखारे ओढायचे राहून गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझी देग खाली लागली होती. वरवरचा भात काढून वाढायला लावला. पाहुणे मिटक्या मारत जेवले, कुणाला काही कळलं नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

संध्याकाळी डबा घेऊन घरी गेलो. डॉक्टरांचं नाव काढलं नाही, पैशांचंही बोललो नाही. बिस्मिल्लानं एक घास खाल्ला आणि हात थांबवला.

"कुणाची आणली वो ही? तुमच्या हातची न्हाय."

"न्हाय," मी म्हणालो आणि तिच्यासाठी पाणी आणायला उठलो.