कुंदा समजून खोदलेलं गवत

मी एक जुना गवताचा ठोंब आहे, मित्रांनो. रोपवाटिकेत मला फाउंटन ग्रास म्हणत. माझ्यातून फोडून दिलेले ठोंब शेजाऱ्यांच्या अंगणात मजेत आहेत. मी मात्र आता एका फुटक्या कुंडीत आहे आणि माझं काही खरं नाही.

अमरावतीच्या सीमाताईंनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांचे यजमान किशोरभाऊ हसले होते. "गवत कोनी इकत आनते काय?" म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. शेतकऱ्याच्या घरात गवत उपटतात, लावत नाहीत. पण ताईंना माझी भारी हौस. इथली काळी माती पाणी धरून ठेवते आणि माझी मुळं कुजतात, म्हणून त्यांनी खड्ड्यात रेती आणि मुरूम मिसळला. पाणी बेतानं घालत. होळीच्या सुमारास माझी वाळकी पाती सुतळीनं बांधत आणि वीतभर ठेवून छाटून टाकत. फार दाटलो की कुदळीनं फोडून अर्धा कुणाला तरी देत. एवढं केलं की दसऱ्याला मी जांभळट तुऱ्यांनी भरून जायचो. कॉलनीतल्या बाया फाटकाशी थांबून फोटो काढायच्या. मला ते फार आवडायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात किशोरभाऊंचे वडील पंजाबराव कौंडण्यपूरकडच्या गावाहून कायमचे राहायला आले. त्यांची बायको पार्वताबाई वारली होती आणि गावात ते एकटेच उरले होते. जन्मभर राबलेला माणूस. इथं त्यांना टीव्हीसमोर बसवलं, तर ते उठून अंगणात येऊन उभे राहायचे.

छाटणीनंतर मला तेव्हा नुसते ताठ हिरवे कोंब फुटले होते. तुरे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. मग मी त्यांना कुंदा वाटलो, यात नवल काय? कुंदा म्हणजे काळ्या रानातलं हट्टी तण. भर उन्हाळ्यात खोल खोदून त्याची मुळं उन्हात टाकली, तरच ते मरतं. सुनेच्या अंगणात कुंदा शिरला म्हटल्यावर त्यांना चैन पडेना. दोघं कामावर गेल्यावर त्यांनी मला मुळासकट काढलं, माती झटकली आणि तापलेल्या फरशीवर पसरून टाकलं. घामानं निथळत होते बिचारे. रागानं उपटलं असतं तर मीही रागावलो असतो. त्यांनी मायेनं उपटलं.

संध्याकाळी ते फाटकाशीच वाट पाहत उभे होते.

"सीमा, कुंदा काढला पाह्य. एक मूय ठेवलं नाही."

ताई माझ्याजवळ खाली बसल्या. "मामाजी, तो कुंदा नव्हता. मी लावला होता."

पंजाबरावांनी वाकून माझं एक मूळ उचललं आणि निरखून पाहिलं. किशोरभाऊ चिडून म्हणाले, "बाबा, समजत नाही तं कायले करता? आता बगीच्यातल्या कोन्याच गोष्टीले हात नका लावू."

जीव असलेली मूठभर मुळं ताईंनी या कुंडीत लावली. सुरुवातीला रोज पाणी घातलं. मग ऑफिसातून यायला उशीर होऊ लागला, विसर पडू लागला. त्यांना तरी किती दोष देऊ? अंगणात आता हरळी माजली आहे. पंजाबरावांना ती दिसते. पण ते उठत नाहीत.

माझी कुंडी व्हरांड्यात आहे, त्यांच्या खुर्चीच्या अगदी बाजूला. ते दिवसभर तिथेच बसतात. जेवण निम्म्यावर आलं आहे, बोलणं तर त्याहून कमी. जवळ पाण्याचा लोटा असतो. माझी माती भेगाळली, हे घरात सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं. परवा त्यांनी लोटा उचलला, माझ्यावर धरला. मग घराच्या दाराकडे पाहिलं आणि तो तसाच खाली ठेवून दिला.

मित्रांनो, मला तहान लागली आहे, पण पाणी मी तुमच्याकडे मागत नाही. एखादं झाड चुकून उपटलं गेलं, तर पुन्हा लावता येतं. तुम्ही कधी या घरी आलात, तर त्या माणसाजवळ जरा बसा आणि त्यांना एवढंच सांगा, "बाबा, लावा हात."